दाजी, तुम्ही उकरलेली गल्ली

दाजी,

परवा तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मांडव भरून माणसं आली होती. वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याविषयी बोलला. कुणी तुम्हाला गल्लीचा आधार म्हटलं, कुणी निर्मळ मनाचा माणूस म्हटलं. एका पुढाऱ्यानं तर तुम्ही आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, असं सांगून टाकलं. मी मागं बायकांत बसले होते. अक्का माझा हात धरून होती. ते वाक्य आलं तशी तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. तुम्ही असता तर उठून त्या माणसाला थांबवलं असतं. “तसं न्हाय साहेब, म्या केलंय,” म्हणून सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली असती. जन्मभर तेच तर केलंत. ज्याला काही ठाऊक नव्हतं त्यालाही जवळ बसवून सांगितलंत.

तुम्ही आता बोलणार नाही. म्हणून मी बोलते. मेहुणीला तेवढा हक्क असतो, आणि आपण दोघं एकमेकांशी जेवढं भांडलो तेवढं अक्का तुमच्याशी कधी भांडली नसेल.

बहात्तरच्या दुष्काळात बेंबळीची आमची विहीर आटली तेव्हा बानं मला लोहाऱ्याला अक्काकडं आणून सोडलं. शिकत होते, पोट भरेल आणि शाळाही सुटणार नाही, एवढाच हिशेब. तुमचं घर गल्लीच्या मधोमध. गल्लीच्या तोंडाशी धनगरांची दोन-तीन घरं, पुढं सगळी आपली. सगळा गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होता. तुम्ही मात्र सोलापूरच्या एका गॅरेजात ब्याटरीचं काम शिकून आला होता आणि स्टँडच्या रस्त्याला एक टपरी टाकली होती. त्या वर्षी रस्त्यानं गाड्याच गाड्या. पाण्याचे टँकर, धान्याचे ट्रक, चाऱ्याचे ट्रक. त्यांच्या मेलेल्या ब्याटऱ्या तुमच्याकडं यायच्या. त्या फोडून आतलं शिसं गाळलं तर सोलापूरचा व्यापारी घेऊन जातो, हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही आपल्या दारातच भट्टी मांडली.

किती आनंदात होता तुम्ही. उन्हात मैलभर चालून खडी फोडण्यापेक्षा घराच्या दारात बसून ब्याटऱ्या फोडणं बरं, म्हणून गल्लीतल्या बाया तुमच्याकडं आल्या. कोयत्यानं पेटी फोडायची, तेजाब मोरीकडं सोडून द्यायचं, आतल्या प्लेटा काढून कढईत टाकायच्या. भात्यावर तुम्ही स्वतः. शिसं वितळलं की वर राखाडी साय यायची, ती पळीनं काढून तुम्ही बाजूला फेकायचा. ती साय, तो धूर, ती फुटकी खोकी, सगळं अंगणातच. दुष्काळ सरला, पाऊस आला, तरी भट्टी चालूच राहिली. दुष्काळात आपल्या गल्लीतलं माणूस गाव सोडून गेलं नाही, हे तुम्ही छाती काढून सांगायचा. ते खरंही होतं, दाजी. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या भट्टीवर माझी पुस्तकं आली, माझं डी.एड. झालं.

पहिल्यांदा शेषाबाईची म्हैस गेली. शेषाबाई धनगरांच्या पहिल्या घरातली. दूध सोसायटी नवीनच निघाली होती आणि सोसायटीतून तिला ती म्हैस मिळाली होती. तिच्या घरात तोवर शेळ्या-मेंढ्याच. म्हशीचं कौतुक एवढं की ती तिला नावानं हाका मारायची. ती म्हैस एकाएकी आंधळ्यागत भिंतीवर आदळायला लागली, दात करकर वाजवायची, एकाच जागी गोल फिरायची आणि दोन दिवसांत पडली. कुणी म्हणालं पान लागलं, साप चावला असणार, कुणी म्हणालं करणी. तुम्ही स्वतः म्हशीला ओढून न्यायला खांदा दिला होता.

मग आपली नंदा, तुमची लेक. तीन-साडेतीन वर्षांची पोर, दिवसभर अंगणात. पोट दुखतं म्हणून रडायची, खाल्लेलं टाकायची, रंग पिवळट पडत गेला. आधी घडाघडा बोलणारी पोर शब्द विसरायला लागली. अक्काला शेजारच्या बायांनी उताऱ्याचं सांगितलं. बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून अक्का मला म्हणाली होती की असलं काही करायचं नसतं ते मला कळतं, पण तिला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाला झटका आला. डोळे वर, दातखीळ बसलेली. तुम्ही तिला उचललंत आणि तसेच स्टँडकडं पळालात. मी चपला हातात घेऊन मागं.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तुम्हाला शेवटपर्यंत आठवत राहिल्या. झटका थांबला, नंदाला झोप लागली, तेव्हा त्यांनी तिचा खालचा ओठ बोटानं वळवून हिरड्या बघितल्या. हिरडीच्या कडेला निळसर रेघ होती. त्यांनी तुम्हाला विचारलं, “धंदा काय करता?”

“जुन्या ब्याटऱ्या फोडून शिसं गाळतो.”

“कुठं?”

“घरीच की. दारात.”

तुम्ही ते अभिमानानंच सांगितलंत. बाईंनी नंदाची मूठ उघडून नखं बघितली. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “हे दुसरीकडून कुठून आलेलं नाही. पोर तुमच्या अंगणातल्या मातीत खेळते आणि तोच हात तोंडात घालते. तिच्या रक्तात शिसं गेलंय.”

तुमच्या तोंडावर काय आलं ते मी कुणाला सांगू शकलेले नाही. तुम्ही आधी स्वतःच्या हातांकडं बघितलंत. मग ते हात पाठीमागं नेलेत, जणू पोरीला दिसू नयेत.

अक्का येऊन नंदापाशी थांबली. इंजेक्शनं सुरू झाली. आपण दोघं एस.टी.नं परतलो. घरी आलात आणि भट्टीवर पाणी ओतलंत. कोळसे चरचरले, तेवढाच आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आलेल्या बायांना तुम्ही सांगितलंत की भट्टी बंद, आता कधीच पेटायची नाही. त्या चिडल्या. का चिडणार नाहीत? एकीनं तुम्हाला तोंडावर विचारलं की तुझी पोर आजारी पडली म्हणून आमची चूल का विझवतोस. तुम्ही तिला सांगितलंत की तुझंही पोर आजारी आहे, तुला अजून कळलेलं नाही एवढंच. मग घरोघर गेलात. ज्या ज्या घरात पोट दुखणारं पोर होतं तिथं बसून सांगितलंत की हे माझ्या भट्टीनं झालंय, सोलापूरला चला, मी घेऊन जातो.

शेषाबाईच्या घरी जाताना तुम्ही मला बरोबर नेलंत. एकट्याला धीर होत नव्हता, हे तुम्ही नंतर कबूल केलंत. तुमची म्हैस माझ्या मातीनं मेली, असं तुम्ही उभ्यानंच सांगितलंत. शेषाबाईनं निवडायला घेतलेली ज्वारी बाजूला सारली. तिनं शिव्या द्याव्यात असं तुम्हाला वाटत असावं. ती म्हणाली, “म्हस गेली ती गेली रं. माझ्या नातवाचं पोट रोज दुखतंय. ते कशानं, ते सांग.”

तुम्ही खाली बसलात आणि ढसाढसा रडलात. पुरुष माणूस परक्याच्या ओसरीवर असं रडलेला मी पहिल्यांदा बघितला. शेषाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

आता आपलं भांडण. गल्लीत राहूच नये, असं माझं म्हणणं होतं. सामान उचला, बेंबळीला चला, बाचं घर आहे, नंदा बरी होऊन येईल ती तिकडंच येईल. माझं म्हणणं चूक होतं का? कुठलीही मावशी हेच म्हणाली असती. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “आपुन जाऊ. माती कुठं जाईल? आपल्या घरात उद्या दुसरं कुणीतरी राहील. त्याला बी लेकरं असतील की.”

त्यावर मी जास्तच चिडले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वरची माती काढावी लागेल आणि नवी टाकावी लागेल. कोरडी उकरू नका, धूळ उडाली तर सगळ्यांच्या पोटात जाईल, आधी पाणी मारा. ऐन उन्हाळा. बाया एका घागरीसाठी हापशावर तासन्‌तास उभ्या, आणि तुम्ही जमिनीवर पाणी शिंपडायला निघालात. गल्लीनं तुम्हाला वेड्यात काढलं. मग तुम्ही प्रत्येक मोरीखाली डबा लावलात. अंघोळीचं, धुण्याचं, भांड्याचं पाणी साठवायचं आणि तेच मातीवर मारायचं. तोंडाला फडकं बांधून खोदायचं, कामावर बिडी ओढायची नाही, हात घासून धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. बिडीवरून तर किती जण भांडून निघून गेले. मी पोरांना घेऊन दिवसभर शाळेत बसायची, सुट्टी असली तरी. कुठलंही पोर खोदकामाजवळ येऊ द्यायचं नाही, हे माझं काम तुम्हीच लावून दिलं होतं.

सुरुवातीला तुम्ही एकटेच खोदत होता. आपलं अंगण आधी. मग शेषाबाईचा मुलगा आला, मग त्या चिडलेल्या बायांतल्याच दोघी आल्या. सगळी गल्ली आली तेव्हा मलाही दिसलं की हे होणार. माती वीतभर खोल काढली, भट्टीच्या जागी तर मुरूम लागेपर्यंत. घरातली सारवलेली जमीन खरवडली, भिंतींचा पोपडा ओला करून काढला. गोणपाट अंथरलेल्या बैलगाडीत ती माती भरली, आणि मग प्रश्न आला तो खरा. टाकायची कुठं?

मी म्हणाले, गावामागच्या पडक्या विहिरीत टाका, कोरडी आहे, कुणी वापरत नाही. तुम्ही म्हणालात, आज कोरडी आहे. मी म्हणाले, ओढ्याच्या पलीकडं गायरानावर टाका. तुम्ही म्हणालात, तिथं जनावरं चरतात. मग तुम्ही सांगितलंत की माळावरच्या आपल्या जमिनीच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा घ्यायचा.

ती जमीन तुमच्या वडिलांना किती खेटे घालून मिळाली होती हे तुम्हीच मला सांगितलं होतं. आपल्या घराण्यातली पहिली जमीन. मी तुमच्यावर ओरडले. नंदाच्या वाटणीची जमीन आहे ती, तिला आधीच एवढं दुखणं दिलंत, आता तिची जमीनही नासवणार का, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात की दुसऱ्याच्या जमिनीत टाकायचा मला हक्क न्हाय. मग किती तरी दिवस आपण बोललो नाही. अक्का आपल्या दोघांच्यात निरोप नेत होती.

खड्डा तिथंच झाला. मुरमात खोल घेतलात, तळाला काळी चिकण माती ठोकून बसवलीत, वर तीच, आणि सगळ्यावर दगड. कडेनं तुम्ही निवडुंग लावलात म्हणजे जनावर आत जाऊ नये. तिथं कधी काही पेरू नका, हे तुम्ही भेटेल त्याला सांगत राहिलात. दाजी, हे भांडण आपलं अजून मिटलेलं नाही. कधी मला वाटतं तुम्ही बरोबर होता, कधी वाटतं की एका माणसानं सगळं आपल्याच अंगावर घ्यायचं, हासुद्धा एक हट्टच आहे. तुम्ही परत आलात तर मी पुन्हा तेच म्हणेन. तुम्हीही तेच म्हणाल.

नवी माती मात्र तुम्ही फार सुरेख आणलीत. रोजगार हमीवर तेव्हा तळ्यातला गाळ काढायचं काम चालू होतं. तिथल्या साहेबांनी आधी नाही म्हटलं, गाळ शेतासाठी आहे म्हणाले. पण तुम्ही तोवर एक गोष्ट केली होती, जिच्यापायी गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तुमच्याशी बोलणं सोडलं. माती निघेपर्यंत आमच्या गल्लीचं दूध घेऊ नका, असं तुम्ही स्वतः सोसायटीत जाऊन सांगितलं होतं. शेषाबाईच्या घरचं शेळीचं दूधसुद्धा बंद झालं. चेअरमननी त्या आधी आपल्या गल्लीत कधी पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी ते आले, खोदलेलं सगळं बघितलं, खाली बसून एक ढेकूळ हातात घेतलं आणि तुमच्याकडं बघून खाली ठेवलं. साहेबांकडं ते तुमच्याबरोबर गेले. गाळाची परवानगी मिळाली आणि सोसायटीचा ट्रॅक्टरही मिळाला. काळी, ओली, तळ्याच्या वासाची माती ट्रॉलीतून गल्लीत पडली तेव्हा बाया फावडी घेऊन अशा धावल्या की लग्नाची वरात आल्यासारखं वाटत होतं. आपल्याच गल्लीत आपण पहिल्यांदा एका दगडी कट्ट्यावर सगळे जण मिळून जेवलो. चेअरमनही बसले. भाकरी आणि ठेचा. शेषाबाईनं तुमच्या ताटात दुसरी भाकरी टाकली आणि तुम्ही ती मुकाट्यानं खाल्लीत.

पोरांचं रक्त पुन्हा तपासायला पाठवलं तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या. उतरतंय म्हणाल्या. शेषाबाईचा नातू पुढं पोलिसात लागला. दूध पुन्हा सुरू झालं. शिसं गाळणाऱ्या बायांनी तुमच्या नादानं सोसायटीकडून म्हशी घेतल्या, आणि आता आपल्या गल्लीतल्या बायाच दुधाचा काटा सांभाळतात.

नंदा पूर्ण सावरली असं मी म्हणणार नाही. तुम्हाला खोटं आवडायचं नाही. तिची जीभ अजून अडते, गणित तिला कधी जमलं नाही, शाळा सातवीवर थांबली. पण ती शिवणक्लासात सगळ्यांत सरळ शिवण घालते आणि अख्ख्या गल्लीची पोलकी शिवते. तिच्या वाचनाला मी दोन वर्षं घातली. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून ऐकायचा. एकदा तिनं एक आख्खा धडा न थांबता वाचला, तुम्ही आत न येता तसेच शेताकडं गेलात. तुम्ही कशासाठी गेलात ते मला कळलं होतं. तुम्ही माझ्याकडं कधी क्षमा मागितली नाहीत आणि मीही दिली नाही. मला ती द्यावीशी वाटलीच नाही, कारण तुम्ही ती घेतली नसती. पण एक गोष्ट सांगायला हवी होती. तुम्ही त्या दिवशी गल्ली सोडली असती तर मीही तुमच्याबरोबर गेले असते, आणि मग शिक्षिका झाले असते तरी माणसं कशी जमतात, कशी जोडली जातात, ते मला कधीच कळलं नसतं. माझ्या वर्गात मी आज जे काही बरं करते ते त्या उन्हाळ्यात शिकलेय. हे मी बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

तुमच्या स्वतःच्या अंगात किती शिसं होतं ते तुम्ही लपवलंत. मनगटं लुळी पडायला लागली तेव्हा वय झालं म्हणालात. शेवटी मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे फार जुनं दुखणं आहे. अक्कानं तुम्हाला विचारलं की आधी का सांगितलं न्हाय. तुम्ही हसलात आणि म्हणालात, पोरांचं आधी तपासायचं होतं ना. खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा मी तुमच्याशी भांडले. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि ओठ हसरे ठेवलेत.

आज सकाळी एक बाई दारात आली. तुळजापूरची, लॉजांच्या मागच्या गल्लीतली. कडेवर बाळ, बरोबर तिची सासू. त्यांच्या गल्लीत कुणी तरी ब्याटऱ्या गाळतो, पोरांची पोटं दुखतात, सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीबिठ्ठी काही न देता तोंडी तुमचं नाव सांगून पाठवलं होतं. त्या आल्या, त्यांना हार घातलेला फोटो दिसला, आणि त्या दारातच थबकल्या. चुकीच्या वेळी आलो म्हणाल्या, माघारी फिरल्या.

अक्का तुम्ही गेल्यापासून भिंतीला टेकून बसलेली आहे. कुणाशी बोलत नाही, जेवायला दहादा सांगावं लागतं. ती उठली. ओसरीच्या कडेला येऊन तिनं त्या बाईला हाक मारली.

“थांबा. ते न्हायत, पण ते काम मला येतं. लेकरू किती म्हैन्यांचं हाय?”

तिनं बाळ हातात घेतलं, त्याचा ओठ बोटानं वळवून बघितला, आणि त्या दोघींना आत बसवून चहाला आधण टाकलं. मी बाहेर उभी राहून रडून घेतलं. हे रडणं दुःखाचं नव्हतं, दाजी, एवढं तुम्हाला कळेल.

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही तुळजापूरला जातोय. अक्का, मी, आणि नंदा. नंदा म्हणतेय की तिथली पोरं ती सांभाळील. शाळेतून मी रजा टाकलीय.